बंद म्हणजे बंद

आमच्या कामात फार बोलावं लागत नाही. घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर, चढलेल्याने विचारायचं, "बंद?" खाली मेन स्विचपाशी उभ्या असलेल्याने सांगायचं, "बंद." मग वरच्याने उघड्या वायरला हात घालायचा. जोडून झालं, हात बाजूला घेतले, की वरच्याने म्हणायचं, "सोडलं." खालचा म्हणतो, "देतो," आणि खटका वर करतो. देतो म्हणजे करंट देतो.

बाकीचे वायरमन 'बंद' ऐकल्यावरही आधी टेस्टर टेकवून बघतात, आणि तेच बरोबर आहे. आम्ही दोघांनी मात्र तो कधी टेकवला नाही. माझा टेस्टर शर्टाच्या खिशात पेनासारखा अडकवलेला असायचा, खिशाला शोभा म्हणून. एका ठेकेदाराने एकदा आम्हाला असं काम करताना पाहिलं आणि सगळ्यांसमोर झापलं, "मराल एक दिवस!" तेव्हा माझा साडू हसून म्हणाला, "साहेब, दादांनी टेस्टर लावला तर मला वाटेल, माझ्यावर भरवसा नाही. त्यापेक्षा करंट लागलेला बरा."

साडू म्हणजे आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली आणि त्याची धाकटी. तो आधी कारखान्यात वायरमन होता. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "जावईबापू, याला तुमच्या पदराखाली घ्या." मी म्हटलं, "आई, मी पदर कुठून आणू? पण घोडा धरायला मला माणूस पाहिजेच आहे." तेव्हापासून आम्ही जोडीने काम केलं. कामात तो माझ्यापेक्षा तसूभर कमी नव्हता. हिशेबात, बोलण्यात, गिऱ्हाईक सांभाळण्यात तर चार पावलं पुढे. म्हणून फोन त्याच्याकडे असायचा. काम तो घ्यायचा आणि जायचो आम्ही दोघं.

आमचा एक नियम पक्का होता. वरचा 'सोडलं' म्हणेपर्यंत खालच्याने मेनवरचा हात काढायचा नाही, कारण घरात दहा माणसं असतात, कुणीतरी अंधार झाला म्हणून येतो आणि खटका वर करतो. एकदा एका बंगल्यात मी वर झुंबराच्या वायरीत गुंतलेलो आणि खाली मालकाच्या कुत्र्याने साडूची पँट धरली. हा जागचा हलला नाही. तिथूनच ओरडला, "दादा, तुम्ही लवकर सोडा, हा माझी पँट सोडत नाहीये!" ती पँट धाकटीने पुढे कितीतरी दिवस ठिगळ लावून वापरायला लावली. बाजारातला दुकानदार आम्हाला बघून म्हणायचा, "आली जोडी. दोघं एका बटणावर चालतात."

मग काम कमी झालं.

सुरुवातीला वाटलं, होतं असं अधूनमधून. पण आठवडेच्या आठवडे कोरडे जायला लागले. साडूला विचारलं की म्हणायचा, "मंदी आहे, दादा. लोक घरात हात घालायला तयार नाहीत."

"अरे, दिवे लावायचं सोडलं की काय लोकांनी?"

"आलं काही की सांगतो ना. तुम्ही जरा आराम करा."

मी घरातलं सगळं दुरुस्त करून टाकलं. इस्त्री, मिक्सर, दाराची बेल. शेजाऱ्यांची बेलसुद्धा, जी चांगली वाजत होती. बायको म्हणाली, "आता या घरात दुरुस्त करायची फक्त मीच उरलेय. पेचकस घेऊन माझ्यामागे लागू नका." हसण्यावारी न्यायची ती, पण मला रोज सकाळी अंघोळ करून, कामाचा शर्ट घालून बसलेलं बघून तिलाही बरं वाटत नसावं. हातात काम नसलेल्या माणसाला घरातली खुर्चीसुद्धा ओळख देत नाही.

अशात एके दिवशी शिलाईवाल्या बाई दारात आल्या. त्यांच्या घराची सगळी वायरिंग आम्हीच केलेली. बाई घरात कपडे शिवतात, यजमान बसवर ड्रायव्हर होते, आता घरीच असतात.

"तुमचे साडू फोन उचलेनात," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या कानावर घालावं. कुणाला तरी पाठवाल का? बाथरूमला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचाय. छताला काळे डाग पडलेत, आरशात तोंड दिसत नाही."

"पाठवायचं कशाला? आम्हीच येतो की."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. मला वाटलं, हाताला काही लागलंय, म्हणून मी तो पँटला पुसला.

संध्याकाळी साडूला सांगितलं, तर तो खूश व्हायचं सोडून घाईने म्हणाला, "छोटं तर काम आहे, दादा. मी एकटा उरकून येतो."

"छोटं आहे म्हणून काय झालं? माझ्या बायकोला घरात मोकळा श्वास तरी घेऊ दे."

तो हसला. पण त्याचं हसू नेहमीसारखं गालापर्यंत आलं नाही. हे मला आज आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. बाथरूम लहान. एक झरोका, तोही वर्षानुवर्षं रंगाने चिकटलेला. दिवा आरशाच्या वर आणि त्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये. मेनचा डबाही त्याच भिंतीला, बाथरूमच्या दारासमोर. घोड्यावरून मान वळवली की मेनपाशी उभा असलेला माणूस समोर दिसतो.

यजमान दारात येऊन उभे राहिले. "पंखा दिव्याच्याच बटणावर घ्या बरं का."

"वेगळं बटण नको?" साडूने विचारलं.

आतून शिलाई मशीन थांबलं आणि बाईंचा आवाज आला, "वेगळं बटण दिलं तर हे जन्मात दाबणार नाहीत! दिवा लावला की पंखा आपोआप लागला पाहिजे."

"आयुष्यभर बस चालवली मी," यजमान आम्हाला म्हणाले. "त्यात इतकी बटणं होती, एक विसरलो नाही."

"बसमध्ये प्रवासी ओरडायचे म्हणून!" आतून उत्तर आलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

बाईंनी पंखा आणूनच ठेवलेला. साडूने खोका उघडून पाहिला आणि म्हणाला, "दादा, हा वेळवाला आहे. दिवा बंद केला तरी थोडा वेळ फिरतो, उरलेली वाफ बाहेर टाकतो आणि मग आपला आपण थांबतो."

अशा पंख्याला नुसती दिव्याची वायर पुरत नाही. दिव्याच्या बटणाकडून येणारी एक फेज लागते, म्हणजे पंख्याला कळतं की दिवा लागला. शिवाय एक कायमची फेज लागते, जी बटण बंद केलं तरी जिवंत राहते. नाहीतर दिवा गेल्यावर तो कशाच्या जोरावर फिरणार? म्हणूनच हे काम नुसतं बटण बंद करून करायचं नसतं. बटण बंद असतं, दिवा विझलेला असतो, सगळं शांत दिसतं, आणि एक वायर मात्र दबा धरून बसलेली असते. मेन खाली पाडल्याशिवाय तिथे बोट घालायचं नाही.

सकाळी भिंतीला भोक पाडलं, पंख्याची पेटी बसवली, प्लॅस्टिकच्या पट्टीतून वायरी ओढल्या. छताजवळच्या डब्यात जोड द्यायचे राहिले तेवढ्यात पट्टीचा एक कोपरा कमी पडला. साडू म्हणाला, "आलो पाच मिनिटांत," आणि गाडी काढून दुकानात गेला.

बाईंनी चहा आणला. मी घोड्याच्या खालच्या पायरीवर बसून घेतला. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"तुम्ही परत काम सुरू केलंत, बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "आता हाताचं कसं आहे?"

"कुठल्या हाताचं?"

"नाही, ते थरथरण्याचं. साडू सांगत होते. डॉक्टरांनी शिडीवर चढायला सक्त मनाई केलीय म्हणाले. म्हणून माझ्या मशीनचा नवा पॉइंट त्यांनी एकट्याने काढून दिला ना. मी विचारलं होतं, दादा नाही आले? तर म्हणाले, दादांनी आता काम सोडलंय." त्या थांबल्या. बहुतेक माझा चेहरा बघून थांबल्या. "शाळेचं काम चाललं होतं तेव्हाही मी विचारलं होतं तुमचं."

"कुठल्या शाळेचं?"

"ही आमच्या मागची. सगळ्या वर्गांची वायरिंग नवी केली की त्यांनी. एक उंच माणूस असतो आता त्यांच्याबरोबर."

मी कप खाली ठेवला. बशीवर टेकताना तो वाजला. बाईंनी तो आवाज ऐकला, मीही ऐकला.

"शाळा का?" मी म्हटलं. "हो, हो. बोलला होता तो."

खोटं बोललो. त्याची लाज झाकण्यासाठी बोललो की माझी, ते ठरवता येईना. बाई कप उचलून आत गेल्या, आणि मशीन काही सुरू झालं नाही.

शाळा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवसांत मी खुर्चीत बसून शेजाऱ्यांची बेल दुरुस्त करत होतो आणि हा तिथे वर्गावर्गात फिरत होता. संध्याकाळी माझ्याच घरी येऊन, माझ्याच हातचं पाणी पिऊन, "मंदी आहे, दादा" म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. कापणाऱ्याचा हात दिसत नाही, आणि आपण मान सरळ धरून बसलेलो असतो.

एक गोष्ट मला नाकारता येत नव्हती. एका जिन्यात दिवा बसवताना माझ्या बोटांतून स्क्रू दोनदा पडला होता. साडूने तो दोनदा उचलून दिला होता आणि म्हणाला होता, "स्क्रूच गुळगुळीत आहेत हे, दादा." मीही हो म्हटलं होतं. पण डॉक्टर? कुठला डॉक्टर? खोकल्याशिवाय मी कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही.

गाडीचा आवाज आला. साडू पट्टीचा कोपरा घेऊन आत आला.

"चला दादा, उरकून टाकू. मी चढतो, तुम्ही मेनवर थांबा."

"मी चढतो," मी म्हटलं.

"अहो, कशाला—"

"मी चढतो म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या खोलीच्या दाराकडे. मेनपाशी जाऊन उभा राहिला.

मी वर चढलो. डब्यात चारपाच टोकं सोलून ठेवलेली, तांबं चकाकत होतं. पक्कड काढली.

"बंद?"

खटका पडल्याचा आवाज आला. दिवा गेला. झरोक्यातून येईल तेवढाच उजेड राहिला.

"बंद," साडू म्हणाला.

हात उचलला आणि तो जाईना.

तोच आवाज होता. इतकी वर्षं त्या एका शब्दावर मी डोळे मिटून वायरीत बोटं घातली होती. पण 'मंदी आहे' हेही तो याच आवाजात म्हणाला होता. 'गुळगुळीत आहेत स्क्रू' तेही. यातलं 'बंद' तेवढं वेगळं कसं ओळखायचं?

मी खिशातून टेस्टर काढला आणि वायरीला टेकवला.

टेस्टर पेटला नाही.

मान वळवली. साडू माझ्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू मी त्याला सगळ्या बाजारासमोर थोबाडीत मारली होती.

"दादा," तो म्हणाला. "हे काय?"

"टेस्टर आहे."

"तो दिसतोय मला. पण मी बंद म्हटलं ना?"

"तू तर बरंच काही म्हटलंस. मला डॉक्टरकडे नेऊन आणलंस. कामावरून घरी बसवलंस. मीच तेवढा गैरहजर होतो."

त्याने ओठ आवळले. निघून गेला असता, किंवा पुढे येऊन माझे पाय धरले असते, काहीतरी केलं असतं. पण त्याचा हात मेनवर होता आणि मी अजून 'सोडलं' म्हटलं नव्हतं. मी वर वायरीत, तो खाली खटक्याशी. भांडायला आयुष्यात याहून वाईट जागा आम्हाला मिळाली नसती.

"तुमचा हात थरथरतो," तो हळूच म्हणाला, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "मी बघितलाय. तुम्ही वरून पडला असता, तर वहिनींना काय तोंड दाखवलं असतं?"

"मग मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतं तुम्ही?"

"नसतं ऐकलं. तरी सांगायचं होतंस. शिलाईवाल्या बाईंना सांगितलंस, शाळेत सांगितलंस, धाकटीला सांगितलं असशील. सगळ्या गावाला ठाऊक, माझा हात थरथरतो, आणि तो हात ज्याच्या खांद्याला आहे त्याला तेवढा पत्ता नाही! मी खाली मेनवर उभा राहिलो नसतो का? आज मला तिथे उभा करत होतासच ना? मग शाळेत का नाही केलंस?"

त्याने नजर खटक्याकडे वळवली.

"तो उंच माणूस मेनवर चांगला उभा राहतो का?"

"दादा, तुमच्याबरोबर काम हळू होतं," तो शेवटी म्हणाला. हे खरं होतं आणि हे त्याने पहिल्यांदाच म्हटलं. "शाळेला मुदत होती. तुम्ही असता तर ते काम आपल्याला मिळालंच नसतं."

"आपल्याला?" मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. हात मात्र तिथेच.

माझा हात आता खरोखर थरथरत होता. टेस्टरचं टोक डब्याच्या कडेवर टकटक वाजत होतं. रागाने की वयाने, मलाच कळेना. तो आवाज त्यानेही ऐकला असणार, पण 'बघा' म्हणाला नाही. तेवढी एक मर्यादा त्याने राखली.

टेस्टर खिशात ठेवला, पक्कड घेतली आणि उघड्या तांब्याला हात लावला. काही झालं नाही. बंद म्हणजे बंदच होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माणूस सगळीकडून खोटा निघाला असता तर बरं होतं, सरळ तोडून टाकता आलं असतं.

एक एक जोड दिला. दिव्याची फेज, कायमची फेज, न्यूट्रल. टेप गुंडाळली. वेळ लागला. दोनदा टोक निसटलं, दोनदा पुन्हा धरलं. खालून घाई आली नाही. झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि हात बाजूला घेतला.

"सोडलं," मी म्हटलं.

'देतो' यायला हवं होतं. ते आलं नाही.

"काय सोडलं, दादा?"

बाथरूममध्ये तो आवाज घुमला. मी घोड्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते, ते खोटे नव्हते. पण शाळाही खोटी नव्हती.

"वायर," मी म्हटलं. आणि खाली उतरता उतरता म्हटलं, "दे आता."

त्याने खटका वर केला. दिवा लागला, पंखाही लागला. आवाज चांगला होता, सुईसारखा बारीक. यजमान बघायला आले, बाईही आल्या, पण त्या माझ्या डोळ्याला डोळा देईनात. यजमानांनी बटण बंद केलं. दिवा गेला, पंखा फिरतच राहिला.

"अरे, हा काही ऐकत नाही!" यजमान म्हणाले.

"थांबेल थोड्या वेळाने," साडू म्हणाला. "तसाच आहे तो."

मी हत्यारं पिशवीत भरली. जाताना पॅसेजमधल्या प्लगमध्ये टेस्टर घालून पाहिला. का, ते सांगता येत नाही. आता करंट होता, टेस्टर पेटायला हवा होता. तो पेटला नाही. फिरवून पाहिला, झटकून पाहिला. मेलेला.

"तो केव्हाचाच गेलाय," साडू मागून म्हणाला. "मागच्या वर्षी पडला होता तुमच्या खिशातून. मी तेव्हाच लावून बघितलेला."

"तुला ठाऊक होतं? मघाशी मी टेकवला तेव्हाही?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"मेन माझ्या हातात होता, दादा. तुम्हाला काय होणार होतं?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. हेही त्याला ठाऊक होतं, आणि हेही त्याने मला सांगितलं नव्हतं.

घोडा आमच्या दोघांचा. रोज आम्ही तो दोन टोकांनी उचलून न्यायचो. आज त्याने सवयीने पुढचं टोक धरलं आणि माझी वाट बघत उभा राहिला. "राहू दे तुझ्याकडेच," मी म्हटलं. "शाळेत लागेल."

पिशवी खांद्याला लावून मी जिना उतरलो. बाजारातून जाताना दुकानदाराने हाक मारली, "आज एकटेच? जोडीदार कुठे?"

"मागे आहे," मी म्हटलं. मग दुकानात शिरलो आणि म्हटलं, "एक टेस्टर दे. चांगला बघून दे. आणि लावून दाखव."